विंचवाचा रस्सा आणि अकरावीतली नात

आलेलं पत्र, जरा लहान करून:

"माझी नात अकरावीसाठी माझ्याकडे राहायला आलीय. पोरगी गुणी आहे, पण सारखी ती जपानी चित्रांची पुस्तकं घेऊन बसते, जेवतानासुद्धा. पुस्तकं नसली की फोनवर तेच. ती क्लासला गेली होती तेव्हा एक उघडून बघितलं तर एक दाढीवाला बुटका माणूस भला मोठा विंचू साफ करून पातेल्यात शिजवतोय, एक सोनेरी वेण्यांची मुलगी किंचाळतेय, आणि शेवटी सगळे मिटक्या मारत खातायत! मी माळकरी बाई, मला शिसारी आली. तिला विचारलं तर म्हणाली, 'आजी, तुला नाही कळणार ते.' इकडे माझ्या हातचं दोडकं, पडवळ, कारलं काही खात नाही, नुसती मॅगी. ही पुस्तकं माळ्यावर टाकू का? तिच्या डोक्यावर परिणाम होईल का? सुट्टीत तिचा आठ वर्षांचा भाऊ येणार आहे, तोही हेच वाचत बसेल. — काळजीतली आजी"

आजी, नमस्कार. पुस्तकं माळ्यावर टाकू नका, हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या दोन तक्रारी शेजारी शेजारी वाचल्या आणि मला खरंच हसू आलं. एकीकडे पोरगी हे वाचून उद्या काहीही खाईल अशी धास्ती आणि दुसरीकडे ती साध्या दोडक्याला हात लावत नाही हे दुखणं, अहो जी मुलगी दोडकं बघून ताट सरकवते ती विंचवापर्यंत पोचणार कधी! तेव्हा ती भीती आधी मनातून काढा.

पुस्तकाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीये पण दाढीवाला बुटका, विंचू आणि किंचाळणारी मुलगी म्हटल्यावर दुसरं काही असूच शकत नाही, ते 'डिलिशस इन डंजन', जपानीत 'डंजन मेशी'. रियोको कुई नावाच्या बाईंनी लिहिलेलं आणि काढलेलं. २०१४ पासून जपानच्या 'हार्ता' मासिकात प्रकरणं येत गेली, २०२३ ला गोष्ट संपली, एकूण १४ भाग आणि ९७ प्रकरणं. म्हणजे संपलेली गोष्ट आहे, वर्षानुवर्षं लटकत ठेवणारी नाही, आणि माझ्या मते हा मोठाच गुण आहे कारण या मांगा प्रकारात, म्हणजे जपानी चित्रकथांत, काही मालिका नातवंडांची लग्नं होईपर्यंत चालतात.

आता गोष्ट ऐका, म्हणजे तो विंचू पातेल्यात का गेला ते कळेल. लायोस नावाचा एक तरुण, त्याची बहीण फालिन, आणि त्यांची टोळी. हे लोक जमिनीखालच्या एका अजस्र भुयारात, मजल्यामागून मजले उतरत खजिना शोधायला जातात. तिथे एका लाल ड्रॅगनशी गाठ पडते, सगळे उपाशी आणि थकलेले, हरणार हे दिसतंच असतं, तेवढ्यात बहिणीला ड्रॅगन गिळतो आणि ती जाता जाता मंत्र टाकून बाकीच्यांना बाहेर पाठवते. बाहेर आले तर सामान गेलं, पैसे नाहीत, दोघं साथीदार सोडून गेले. बहिणीला पचायच्या आत सोडवायचं तर लगेच परत उतरायला हवं (ड्रॅगनला पचायला वेळ लागतो, आणि त्या भुयारात मेलेल्याला मंत्राने जिवंत करता येतं, हे दोन नियम धरून चाला). पण शिदोरी कुठून आणायची? तर लायोस म्हणतो, आत इतके राक्षस फिरतायत ना, तेच खाऊ. बिचारा बहिणीसाठी म्हणतोय असं वाटतं आणि मग हळूच कळतं की याला मुळातच राक्षसांची चव बघायची हौस होती, आयतं निमित्त मिळालं!

आणि ती किंचाळणारी वेण्यांची मुलगी म्हणजे मार्सिल, एल्फ नावाच्या लांब कानांच्या परीकथेतल्या जातीची, जादू शिकलेली, फालिनची जिवलग मैत्रीण. मैत्रिणीसाठी जीव द्यायला तयार पण विंचू खायला नाही. सुरुवातीचे कित्येक विनोद तिच्या 'नाही नाही नाही'वर चालतात: आधी आरडाओरडा, मग पोटात कावळे, मग नाक दाबून एक घास, मग तोंड बघण्यासारखं होतं, आणि मग दुसरी वाटी. आजी, हे दृश्य तुम्ही कधी पाहिलंच नाही असं म्हणू नका हं, प्रत्येक घरात एक मार्सिल असते.

तुम्ही उघडलंत ते बहुधा पहिलंच प्रकरण. त्यात काय होतं ते जरा नीट सांगते कारण तुम्ही शिसारीने पुस्तक मिटलंत आणि खरी गंमत तिथेच राहिली. लायोस आणि मंडळी चालणारं मशरूम आणि तो विंचू पकडतात आणि मनाला येईल तसं शिजवायला बसतात. तेवढ्यात हा दाढीवाला सेन्शी येतो, म्हणतो थांबा, असं नसतं करायचं. आणि मग अगदी आपल्याकडची एखादी खमकी काकू नव्या सुनेला मासे साफ करायला शिकवेल तसं सुरू होतं, विंचवाचे नांगे, पाय, डोकं, शेपटी आधी काढा, शेपटी पोटात गेली तर पोट बिघडेल, आतला कडू भाग काढून टाका, अंगाला चिरा द्या म्हणजे रस नीट उतरतो, मशरूमचे पाय फेकू नका, तीच तर चव. भुयारातलीच शेवाळं आणि मुळं भाजी म्हणून, वर वाळवून ठेवलेला स्लाइम म्हणजे तो चिकट गोळ्यासारखा राक्षस, शेवयांसारखा कापून. शिजल्यावर विंचू लाल होतो. हा सेन्शी दहा वर्षांहून जास्त काळ हाच अभ्यास करतोय. आता विंचू आणि मशरूमच्या जागी कोलंबी आणि शेवग्याच्या शेंगा लिहा, कुठल्याही दिवाळी अंकातली पाककृती होईल. (कोलंबी तुम्हाला चालत नाही माहितीये, फक्त सांगितलं.)

सुरुवातीच्या प्रकरणांत तर शेवटी साहित्य, कृती आणि पोषणाचा तक्तासुद्धा असतो! ऊर्जा किती, प्रथिनं किती, चरबी किती, जे प्राणी जगात नाहीतच त्यांचं. हा कोरडा गंभीरपणा हाच विनोद आहे. लेखिका एकदाही डोळा मारत नाही, खोट्या प्राण्याचं शरीरशास्त्र इतक्या मन लावून सांगते की आपल्याला पटतंच. एक उदाहरण देते, भुयारात रिकामी चिलखतं आपोआप चालत येऊन तलवार चालवतात, सगळ्यांना वाटतं भूतबाधा, जादू. लायोस लढता लढता निरीक्षण करतो आणि शोध लागतो की चिलखताच्या आतल्या बाजूला शिंपल्यातल्या जिवांसारखे मऊ प्राणी एकमेकांना धरून बसलेत, तेच स्नायूंचं काम करतात. म्हणजे हे चिलखत नव्हेच, कवच आहे! मग काय, सोलून भाजलं, परतलं, वाफवलं, सूप केलं. आणि लायोस एका तलवारीत राहिलेला एक छोटा जीव गुपचूप पाळतो, बाकीच्यांना न सांगता, त्याला नावही ठेवतो, शाळेतली मुलं दप्तरात मांजराचं पिल्लू आणतात ना तेच तोंड करून.

राक्षस खाण्याचं तुम्हाला इतकं विचित्र का वाटावं हेही मला जरा कोडंच आहे. बकासुराची गोष्ट तुम्हीच तिला सांगितली असेल, गाडाभर अन्न राक्षसाकडे न्यायचं सोडून भीम वाटेत स्वतःच खात बसलाय आणि मागून बकासूर गुद्दे घालतोय तरी हा घास सोडत नाही. किंवा ती भोपळ्यातली म्हातारी, तिला तर वाघ-कोल्हे खायलाच टपलेले असतात आणि आपण ती गोष्ट तीन वर्षांच्या पोरांना झोपवायला सांगतो. ऐकून कुणी बिघडलं नाही. माळकरी असण्याचाही इथे काही संबंध येत नाही, वाचणं म्हणजे खाणं नाही, आणि तुमच्या घरात ती काय खाते हे तुमच्या स्वयंपाकघरात ठरतं, जपानी मासिकात नाही.

आता मला वाटतं तुम्हाला खरं लागलंय ते वेगळंच. "आजी, तुला नाही कळणार ते." पत्रात हे वाक्य तुम्ही मधेच पटकन लिहून पुढे गेलात, पण दुखलंय तिथेच. आणि खरं सांगू का, तुम्हाला हे पुस्तक तिच्यापेक्षा जास्त कळेल. कारण सांगते.

सेन्शी म्हणजे नुसता आचारी नाही. तिसऱ्या मजल्यावर मातीचे पुतळे फिरतात, गोलेम म्हणतात त्यांना, आलेल्या माणसाला चिरडायलाच बनवलेले. या पठ्ठ्याने त्यांच्या पाठीवर भाजीपाला लावलाय! कोबी, गाजरं वगैरे. माती कसदार, ओल टिकून राहते, आणि शेतच मारायला धावत असल्यामुळे चोरी करायची कुणाची टाप नाही. एवढ्यावर थांबत नाही, भुयारातले संडाससुद्धा हाच साफ ठेवतो आणि त्याचं खत भाज्यांना घालतो. सोनखत! तुमच्या पिढीला हे समजवावं लागत नाही, नातीच्या पिढीला 'ईऽऽ' पलीकडे काही सुचत नाही. आणखी एका ठिकाणी गरम तेल अंगावर सोडणारा सापळा असतो, चोराला भाजून काढायला केलेला. सगळे तो चुकवायच्या विचारात, सेन्शीच्या डोक्यात एकच, इतकं तेल फुकट जातंय. मग त्या सापळ्यातल्या तेलात भजी तळतात, अक्षरशः, आणि सापळे ओळखण्यात पटाईत असलेला चिलचक मात्र मधे मधे चिडचिड करत. (हा चिलचक दिसतो दहा-बारा वर्षांच्या पोरासारखा, त्याच्या जातीचे लोकच तसे छोटे, प्रत्यक्षात २९ वर्षांचा, बायको आणि तीन मुली असलेला बाप्या. हे बाकीच्यांना कळतं तेव्हाची त्यांची तोंडं बघाच.)

बघा, दोडक्याच्या शिरांची चटणी तुम्ही करतच असणार. शिरा सोलून टाकून द्यायच्या नाहीत, तिळासोबत खमंग परतायच्या. सेन्शी आणि तुम्ही एकाच घराण्याचे आहात, काहीही वाया घालवायचं नाही, वेळेवर जेवायचं, नीट झोपायचं, अंगमेहनत करायची. नातीने सेन्शीचं हे सगळं भक्तिभावाने वाचलंय आणि तेच बोलणारी बाई रोज तिला ताट वाढते हे अजून तिच्या लक्षात आलेलं नाही.

पण हे तुम्ही तिला बोलून दाखवू नका प्लीज! मुलं असल्या गोष्टींचा वास लगेच घेतात. "बघ तुझा तो सेन्शीपण भाज्या खायला सांगतो" असं एकदा म्हणालात की संपलं, ते पुस्तक तिच्यासाठी मेलं आणि तुम्हीही. मधल्या भागांत इझुत्सुमी म्हणून एक सतरा वर्षांची मांजरमुलगी येते, खाण्यापिण्याचे भयंकर नखरे, मनाला येईल तेच करणार, कुणाचं ऐकणार नाही. ती भेटली की तुम्हाला टोमणा मारायचा मोह होईल. गिळा. तिच्याशी ते कसे वागतात ते मात्र बघा.

मग करायचं काय? साधं आहे. तिला सरळ सांगा, तू नसताना मी तुझं पुस्तक उघडलं होतं, आणि मला विचारायचंय की विंचवाची शेपटी काढायची ते ठीक आहे, पण आतलं कडू निघालं हे कसं कळतं? असा खरा स्वयंपाकातला प्रश्न विचारा. 'हे काय वाचतेस' हा प्रश्न नाही, ती तक्रार असते आणि तिला ते कळतं. दुसरा प्रश्न तयार ठेवा, मँड्रेकचा. मँड्रेक म्हणजे मुळ्यासारखं कंद, उपटलं की असं किंचाळतं की ऐकणारा मरतो. सेन्शी एका फटक्यात त्याचं डोकं उडवतो, किंचाळायला वेळच देत नाही. मार्सिल म्हणते पुस्तकात दिलेली पद्धत अशी नाही, प्राण्याला बांधून लांबून उपटायचं, आणि हट्टाने आपल्या पद्धतीने करायला जाते, त्यात तिची पार वाट लागते. पण गंमत पुढे आहे, ओरडलेला मँड्रेक खायला सौम्य लागतो! म्हणजे तिचं सगळंच चुकलं नव्हतं, आणि इतकी वर्षं स्वयंपाक केलेला म्हातारा ते मान्यही करतो. नातीला विचारा की तुला कुणाचं बरोबर वाटतं. आणि मग तिला बोलू द्या, मधे तोडू नका.

इंग्रजीची अडचण असेल तर तिलाच मराठीत सांगायला लावा, पानं दाखवत. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, आपल्याला जे मागचं पान वाटतं तिथून सुरू होतं, चौकटीतले संवादही उजव्या कोपऱ्यातून, तेव्हा तुम्हाला विंचू आधी ताटात आणि मग जिवंत दिसला असेल तर नवल नाही. ते जमत नसेल तर याची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आहे, ट्रिगर स्टुडिओने केलेली, २०२४ च्या जानेवारी ते जूनमध्ये २४ भाग आले, नेटफ्लिक्सवर आहे. रात्रीच्या जेवणानंतर एक भाग, साधारण पंचवीस मिनिटं, सिरियलपेक्षा बरं की. गोष्ट मात्र त्यात पूर्ण होत नाही, तेव्हा पुढचं ती तुम्हाला सांगेल, आणि तुम्ही 'पुढे काय झालं गं' म्हणून मागे लागाल, तेही चालेल.

जेवताना पुस्तक नको हा नियम तुम्ही बिनधास्त करा, त्यात मी तुमच्या बाजूने आहे, फक्त मग तुमच्या हातातला फोन आणि समोरचा टीव्हीसुद्धा बंद. जेवणाचं म्हणाल तर आठवड्यातून एक वेळ स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्या. काय करायचं ते ती ठरवेल, शाकाहारी असायला हवं ही तुमची अट, आणि घरात आलेली एक तरी भाजी त्यात गेली पाहिजे. कदाचित मॅगीतच दोडकं किसून घालेल, घालू द्या, पसारा होईल, मीठ जास्त पडेल, तुम्ही ओट्याजवळ उभ्या राहून सूचना देऊ नका, बाहेर बसा. मात्र ती मॅगीसुद्धा टाळत असेल, वजन उतरत असेल, जेवणंच चुकवत असेल, तर ते नखरे समजू नका, डॉक्टरांना दाखवा आणि तिच्या आईवडिलांशी बोला, अकरावीत नवं गाव, नवं कॉलेज, क्लासचं टेन्शन, घरापासून लांब, याचा जेवणावर परिणाम होऊ शकतो.

फोनबद्दल एक गोष्ट कडक सांगते. मुलं फुकटच्या साइटवर ही पुस्तकं वाचतात, आणि तिथे बाजूने ज्या जाहिराती येतात त्या बघितल्यात तर विंचू तुम्हाला देवमाणूस वाटेल. काळजी करायचीच तर तिथे करा. छापील इंग्रजी भाग आपल्याकडे ऑनलाइन मिळतात, महाग पडतात हे मान्य, पण १४ एकदम घ्यायची गरज नाही, वाढदिवसाला दोन, गणपतीला आलेल्या काकाला एक सांगायचा, असं जमवा. मैत्रिणींमध्ये अदलाबदलही चालते.

आता धाकट्याचं. इथे मात्र तुमची काळजी बरोबर आहे. गोष्ट हलकीफुलकी आहे पण सगळीभर तशी राहत नाही. लाल ड्रॅगन भेटतो तो भाग चौथा, तिथे रक्त आहे, एकाचा पाय तुटतो, हाडं गोळा करायची वेळ येते, आणि फालिनला परत आणायला मार्सिल जी जादू वापरते ती मनाई असलेली असते आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्या परिणामांवर उभी आहे. मेलेल्यांवरचे विनोदही बरेच आहेत, प्रेतं वर आणून देण्याचा धंदा करणारी माणसं आहेत त्यात. सोळा-सतराच्या मुलीला हे झेपतं, उलट तिला तेच जास्त आवडत असणार. आठ वर्षांच्या पोराला नको. त्याला पहिले दोन भाग ताईने शेजारी बसून दाखवावेत, चिलखत आणि गोलेमची शेती बघून तो खूश होईल. मग तो चौथ्या भागासाठी हट्ट करेलच, तेव्हा नाही म्हणायचं काम ताईवर सोपवा, तुम्ही सांगितलंत तर रडेल, तिने सांगितलं तर ऐकेल.

आणि आजी, सेन्शीच्या लहानपणाची एक गोष्ट आहे पुढच्या भागांत, एका सूपची. ती मी इथे सांगणार नाही. तिथपर्यंत पोचलात की मला पत्र टाका.